फाटकातली हाक

आमच्या बेटावर कुठूनही निघताना ओमेगा फ्रिप सगळ्यात शेवटी निघत असे. चर्चमधून, समुद्रकाठच्या जेवणावळीतून, लग्नघरातून, दफनभूमीतून. बाकीचे लोक होड्यांत किंवा गाड्यांत बसले की ती मागे वळून रिकाम्या जागेकडे तोंड करायची आणि बरोबर आणलेल्या प्रत्येक लेकराला नाव घेऊन हाक मारायची. "चल पर्ल, घरी चल. चल जोनास, मागे राहू नकोस." मुले तर तिच्या झग्याला लोंबकळत असायची. हाक त्यांच्या शरीराला नव्हतीच. लेकराचे शरीर आईच्या कडेवर बसून निघते, पण जीव खेळात रमलेला असतो. त्याला नावाने बोलावले नाही, तर तो तिथेच राहून जातो. हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. तांदूळ कसे निवडायचे तेही कोणी शिकवत नाही.

मी सवाना शहरात नन्सच्या शाळेत शिकले. असले काही बोलले तर तिथे गुडघ्यांवर बसावे लागे. तरीही माझी मुले लहान होती तोवर, ओमेगाने त्यांची नावे घेतल्याखेरीज मी कुठलेही फाटक ओलांडले नाही. बेटावर बाकी सगळे बाप्टिस्ट, मी एकटी कॅथलिक. ओमेगा मला 'पोपची धाकटी बहीण' म्हणायची. मग मुलांची नावे घेऊन झाली की माझ्याकडे बघून विचारायची, "क्लॉडी, तुझ्या पोपलाही बोलावू का? इथेच राहायचा बिचारा."

ती अकरावे अपत्य. तिच्या आईने आता पुरे असे देवाला कळावे म्हणून तिचे नाव ओमेगा ठेवले, म्हणजे ग्रीक लिपीतले शेवटचे अक्षर. देवाने ते वाचले नसावे, कारण तिच्यामागून आणखी एक भाऊ झालाच. धक्क्याजवळच्या कारखान्यात ती कालवे फोडायची. तिची बोटे शिंपल्यांनी चिरलेली असत, आणि चर्चला जाताना ती पांढरे हातमोजे घालायची ते तेवढ्यासाठीच. नवरा आयझाया कोळंबीच्या बोटीवर असे. एका वादळात बोट आली, तो आला नाही. दोन मुले होती. थोरली अलेथिया आणि धाकटा लेमुएल.

पण ही झाली चर्चमधली नावे. आमच्याकडे बाळ टोपलीत असतानाच त्याला एक दुसरे नाव मिळते. बाळ दिसते कसे, हवा कशी होती, घरात काय चालले होते, त्यावरून ते नाव ठेवतात. आम्ही त्याला टोपलीतले नाव म्हणतो, आणि माणूस जन्मभर त्याच नावाला ओ देतो. लेमुएल टोपलीत आडवा आडवा सरकायचा, म्हणून तो क्रॅब, खेकडा. अलेथिया झाली तेव्हा दारात पुदिन्याचा वाफा नुकताच फुटला होता, म्हणून ती मिंटा.

मिंटा शाळेत जाऊ लागली त्या वर्षी चर्चची सहल पलीकडच्या वाळूवर गेली होती. अचानक आभाळ भरून आले, भरतीही लागली. होडीवाला ओरडू लागला. ओमेगाने क्रॅबला काखोटीला मारले, मिंटाचा हात धरला आणि धावत सुटली. त्या दिवशी हाक मारायची राहून गेली. त्याच आठवड्यात मिंटाचा घसा धरला आणि ती गेली. घसा धरून त्या वर्षी आणखीही मुले गेली होती. मी ओमेगाला तसे म्हणाले होते. ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्या आया बघतील. माझी पोर वाळूवर राहिली."

तेव्हापासून ती सगळ्यांत शेवटी निघू लागली, आणि केवळ आपल्याच नाही, साऱ्या गावाच्या मुलांना हाका मारू लागली.

क्रॅब मोठा होऊन फिलाडेल्फियाला गेला. तिथे त्याने रोशेल नावाच्या शिक्षिकेशी लग्न केले. एका वसंतात दोघे आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन बेटावर आली. ओमेगाचे वडील प्रायमस तेव्हा फार थकले होते, त्यांना पणती दाखवायची होती. रोशेलचे केस डोक्याभोवती मोठ्या गोल पिंजारलेल्या कापसासारखे होते. ओमेगाने ते पाहिले, ओठांवर आलेले गिळले, आणि बाळ हातात घेतले.

"नाव काय ठेवलंत?"

"फोलायान," रोशेल म्हणाली.

"फोला, पुढचं काय?"

"फोलायान. आफ्रिकेतलं नाव आहे, मिस ओमेगा. मानानं चालणारी, असा अर्थ आहे."

"अजून पोर मान धरत नाही, आणि मानानं चालायला निघाली!"

आम्ही हसलो. क्रॅब हसला नाही. "मामा, थट्टा नको. विचार करून ठेवलंय आम्ही. फ्रिप हे नाव कुणाचं? ज्यांनी आपल्या माणसांना विकत घेतलं त्यांचं. एक तरी नाव आपलं असू दे."

"आणि अलेथिया कुणाचं नाव होतं रे? तुझ्या बहिणीचं. ते आपलं नव्हतं?"

घरात पहिली मुलगी झाली तर तिला बहिणीचे नाव देईन, असे क्रॅबने आईला लहानपणी सांगितले होते. तो ते विसरला होता. ओमेगा विसरली नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "चर्चचं नाव तुमचं. टोपलीतलं मी ठेवते."

"नाही हं, मिस ओमेगा," रोशेल पटकन म्हणाली. "माझ्या आईलाही मी हेच सांगितलंय. घरात एक नाव, बाहेर एक, असं तिला लपायला नाही शिकवायचं. तिला एकच नाव, आणि ते सगळ्यांनी मोठ्यानं घ्यायचं."

ओमेगाने ते नाव एकदाही घेतले नाही. ती बाळाला 'पाहुणी' म्हणायची, 'ही' म्हणायची. माझ्याजवळ मात्र ती बोलली. कपडे वाळत घालताना चिमटा दातात धरून म्हणाली, "उद्या शाळेत हजेरी घेताना बाई अडखळेल, सगळा वर्ग हसेल. कामावर ठेवणारा नुसतं नाव वाचून हिला दारातून परत पाठवेल. मला भीती वाटते क्लॉडी." मग चिमटा काढून हळू आवाजात म्हणाली, "आणि ते नाव आपल्यापैकी कुणीच कधी घेतलेलं नाही. त्या नावानं हाक मारली तर ओ कोण देईल, काय ठाऊक?"

प्रायमस त्याच आठवड्यात झोपेत गेले. पणतीला एकदा मांडीवर घेऊन मगच गेले, हे सगळ्यांनी भाग्याचे मानले.

आमची दफनभूमी पाण्याकाठी, ओकच्या झाडांखाली आहे. कबरींवर माणसाने शेवटी वापरलेल्या वस्तू ठेवलेल्या असतात: औषधाची बाटली, बंद पडलेले घड्याळ, कंदील, शिंपले. शवपेटी खाली सोडण्याआधी घरातले सगळ्यात लहान मूल तिच्यावरून या हातातून त्या हातात द्यायचे असते, नाहीतर गेलेला माणूस मायेपोटी त्या मुलाला भेटायला येत राहतो. रोशेलने ओठ दाबून बाळ क्रॅबच्या हाती दिले. क्रॅबने पेटीवरून पलीकडे धरले, आणि ओमेगाने ते घेतले. सगळे नीट पार पडले.

नंतर क्रॅबला रडू आवरेना, म्हणून रोशेल त्याला धरून पुढे गाडीकडे गेली. बाळ ओमेगाच्या खांद्यावर होते. मी तिच्याबरोबर मागे राहिले. मिंटाची कबर फाटकाला लागूनच आहे. तिथे तिचा दुधाचा पेला ठेवलेला आहे, बूड फोडलेला, आमच्याकडे फोडूनच ठेवतात. ओमेगा तिथे थांबली. बाकीच्या मुलांची नावे तिने घेतली होती. आता एकच राहिले होते.

वारा पडला होता. फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाची एकही जटा हलत नव्हती.

"चल मिंटा," ओमेगा म्हणाली. "चल बाळा, घरी चल. मागे राहू नकोस."

मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही.

"ओमेगा," मी म्हणाले, "बाळाचं नाव घे."

"घेतलं की," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडली.

संध्याकाळी बाळाचे अंग गरम झाले. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढेना. पुलापलीकडच्या डॉक्टरांनी औषध दिले, उकळलेले पाणी चमच्याने पाजत राहा म्हणाले, आणि उतार पडला नाही तर सकाळी इस्पितळात आणा म्हणून सांगितले. मी दुपारी कोंबडीचे पाणी घेऊन गेले. खिडक्यांच्या चौकटी ओमेगाने त्याच वसंतात पुन्हा निळ्या रंगवल्या होत्या. वाईट ते निळ्याला पाणी समजते आणि ओलांडत नाही. पण ज्याला आपणच आत बोलावले, त्याला कसली निळी चौकट?

ओमेगा मागच्या पायरीवर कोळंबी सोलत होती.

"क्लॉडी, घरात वास कसला येतो?"

"कोळंबीचा."

"आत जाऊन ये."

मी आत गेले. बाळ पाळण्यात निपचित पडले होते. डोळे उघडे होते आणि चुलीजवळच्या कोपऱ्याकडे लागले होते. ते रडत नव्हते. रोशेल त्याच्या ओठांना चमचा लावत होती आणि पाणी गालावरून ओघळत होते. मी वाकले, आणि मला वास आला. एरंडेल आणि लवंग. मिंटाच्या वेण्या घालताना ओमेगा तेच तेल लावायची. त्या घरात त्यानंतर कोणाच्याही वेण्या घातल्या गेल्या नव्हत्या.

मी बाहेर आले. तो वास नाक्यावरच्या दुकानातून आला असेल, असे मी मनाला सांगत होते. ओमेगाने माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि ती हसली. त्या घरात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या हसण्याची.

"आली ती," ती म्हणाली. "काल मी मक्याच्या कण्या शिजवत होते, तर मागून कुणीतरी झगा ओढला. तशीच ओढायची ना ती, भूक लागली की?"

"तुझी जीभ घसरली फाटकात. म्हातारपणी होतं."

"घसरली नाही." ती कोळंबीकडे बघत म्हणाली. "या पोरीला ही दोघं मिंटा म्हणू देत नाहीत. म्हटलं, एकदा, एकदाच तोंडात घेऊ ते नाव. एवढी वर्षं मी त्या फाटकातून सगळ्यांच्या पोरांना बोलावून नेते क्लॉडी, आणि माझीला तिथेच ठेवून येते."

"आणि बाळ कुठंय?"

तिचे हसू गेले. तिने पाण्याच्या दिशेने पाहिले, जिकडे दफनभूमी आहे.

"ओमेगा, ते तिथं आहे. तुलाही ठाऊक आहे. प्रायमसशेजारी एकटंच बसलंय, आणि त्याला कुणी हाक मारलेली नाही."

"मग मी काय करू?" ती एकदम ओरडली. टोपले पायरीवरून खाली गडगडले. "एकदा बोलवायला विसरले म्हणून गेली ती. आता स्वतःच्या तोंडानं तिला जा म्हणू? आई आहे का कोण आहे मी?"

आवाज ऐकून रोशेल बाळाला छातीशी घेऊन दारात आली. क्रॅब डॉक्टरांना फोन करायला दुकानावर गेला होता. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं? ही रडतसुद्धा नाहीये आता. काय लपवताय तुम्ही दोघी?"

ओमेगा उठली. हात झग्याला पुसले आणि सगळे सांगितले. काही गाळले नाही. पोरगी निघून जाईल, शिव्या देईल, असे मला वाटले. रोशेल ऐकत राहिली, बाळाला आणखी घट्ट धरत.

"मी हे मानत नाही," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मी शिकलेली बाई आहे, मी असलं काही मानत नाही." आणि मग तिचा आवाज फुटला. "तुम्ही माझ्या मुलीला तिथे एकटीला सोडून आलात? मेलेल्या मुलीला घेऊन आलात आणि माझीला सोडून आलात?"

"हो," ओमेगा म्हणाली.

रोशेलने बाळाच्या डोक्यावरचे टोपडे ओढून काढले आणि ओमेगाच्या हातात कोंबले. "जा. घेऊन या तिला. तिच्या नावानं बोलवा. येतं ना नाव? म्हणून दाखवा."

ओमेगाचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मी तिला वादळात होडी वल्हवताना पाहिले आहे, गोऱ्या मुकादमाच्या तोंडावर नाही म्हणताना पाहिले आहे. पण त्या नावापुढे तिने टोपडे मुठीत चुरगळले.

"फोलायान," रोशेल म्हणाली, हळू, वर्गातल्या मुलाला सांगावे तसे. "म्हणा."

"फोलायान."

"घाबरत घाबरत नको. ती घाबरेल."

"फोलायान," ओमेगा म्हणाली, आणि पायरी उतरली.

आम्ही दोघी निघालो. ऊन कलले होते, पण चांगला उजेड होता. दफनभूमीत प्रायमसच्या कबरीवरची माती अजून ओली होती, फुले मात्र कोमेजून काळी पडली होती. ओमेगा आधी मिंटाच्या कबरीपाशी गेली. तो फुटका पेला कलंडला होता. काल मी तो उभा पाहिला होता. ओमेगाने तो सरळ केला, आणि खाली बसली.

"मिंटा," ती म्हणाली. मला वाटले, आता ही उठणारच नाही. "मिंटा, मामा तुला परत घेऊन आली. मामाची चूक झाली. तू इथंच बस. आजोबा आलेत बघ, तुला सोबत झाली. मी जाते आता. तू येऊ नकोस." तिने कबरीवरची माती तळहाताने दाबली, जशी झोपलेल्या मुलाच्या अंगावरची गोधडी सारखी करतात. "मी हाक मारीन ती तुला नाही. ओ देऊ नकोस."

फाटकाशी येऊन ती वळली. टोपडे दोन्ही हातांत उघडे धरले, काही झेलायचे असावे तसे. झाडांत पाखरू बोलत नव्हते. मी क्रूस करू लागले आणि हात छातीवरच राहिला.

"चल फोलायान," ओमेगा म्हणाली. "चल बाळा, घरी चल. तुझी आई वाट बघतेय. मागे राहू नकोस."

मग ती निघाली. मी तिच्या झग्याच्या काठावर नजर खिळवून मागून चालले, कारण आपल्या मागे कोण चालत आहे ते बघायची माझी छाती नव्हती. तिने हाक थांबवली नाही. प्रत्येक वळणावर, प्रत्येक कुंपणाशी, "चल फोलायान." सुरुवातीला ती कुजबुजत होती. चर्चचे सेवक डीकन सिमियन ओसरीत बसले होते. त्यांनी कानामागे हात धरला.

"मिस ओमेगा! कुणाला बोलावतेस? चर्च सुटलं की काय?"

"नातीला, डीकन."

"नाव ऐकू नाही आलं मला."

ओमेगाने पाय थांबवला नाही, पण मान वर केली. "फोलायान!" ती ओरडली. "फोलायान फ्रिप! माझ्या क्रॅबची मुलगी!"

म्हातारा क्षणभर ते नाव ओठांत घोळवत राहिला. मग खुर्चीचा आधार घेऊन उठला, डोक्यावरची टोपी काढली, आणि आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्याला म्हणाला, "जा गं फोलायान. आजीच्या मागोमाग जा."

पुढच्या घरातली बाई दारात आली होती, तीही म्हणाली. त्यापुढच्या घरातले लोकही म्हणाले. आम्ही आमच्या वळणावर पोहोचलो तोवर ते नाव आमच्या पुढे धावत होते.

रोशेल पायरीवरच उभी होती. ओमेगाने टोपडे तिच्या हातात दिले. रोशेलने ते बाळाच्या डोक्यावर चढवले आणि कानाशी ओठ नेऊन नाव घेतले. काहीच झाले नाही. तिने पुन्हा घेतले. बाळाची नजर कोपऱ्यावरून सुटली, कशावर तरी अडखळल्यासारखी फिरली, आणि आईच्या तोंडावर येऊन थांबली. मग त्याने तोंड वेडेवाकडे केले आणि भोकाड पसरले. इतके चिडून रडणारे मूल मी पाहिलेले नाही. रोशेल तशीच खाली बसली, आणि ते दूध ओढू लागले. तिचे अश्रू त्याच्या टोपड्यावर पडत होते.

"मामा," ती म्हणाली. तिने ओमेगाला पहिल्यांदाच मामा म्हटले. "मामा, आत या."

ओमेगा आली नाही. ती सगळ्यात खालच्या पायरीवर रस्त्याकडे पाठ करून उभी होती. कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांवरच्या जुन्या चिरा पांढऱ्या दिसत होत्या. मी आत डोकावून श्वास घेतला. कोंबडीचे पाणी, औषध, दूध. लवंगेचा वास नव्हता.

"गेला वास," मी म्हणाले.

"ठाऊक आहे." तिचे दात वाजत होते. "रस्त्यावर कुणी आहे का क्लॉडी? सांगू नकोस. नको, सांगू नकोस."

"आत चल गं."

"मागे वळून पाहिलं तर मी हाक मारीन," ती म्हणाली. "मला धर. मला आत ने, आणि दार तू लाव."

मी तिला दोन्ही हातांनी धरून वर घेतले, उंबऱ्याच्या आत आणले, आणि दार लावले.